परवान्याविना एक मोसम

१९६३ चा मोसम संपला तेव्हा ब्रिटिश स्पीडवेची वरची लीग मोडकळीला आली होती. साउदॅम्प्टनचा ट्रॅक बंद पडला आणि नॅशनल लीगमध्ये सहाच संघ उरले: बेल व्ह्यू, कॉव्हेंट्री, नॉर्विच, ऑक्सफर्ड, स्विंडन आणि विम्बल्डन. सहा संघांवर मोसम भरून कसा काढायचा? एकाच पाहुण्या संघाला लोकांनी वर्षातून किती वेळा तिकीट काढून पाहायचं? खेळाचं नियमन करणाऱ्या स्पीडवे कंट्रोल बोर्डाची नजर मग खालच्या प्रॉव्हिन्शियल लीगकडे वळली. तिथला विजेता वुल्व्हरहॅम्प्टन. त्याने वर यावं असा आग्रह सुरू झाला आणि प्रॉव्हिन्शियल लीगने तो साफ नाकारला. दोन्ही बाजू हटल्या नाहीत. अखेर या दुसऱ्या दर्जाच्या लीगने १९६४ चा अख्खा मोसम बोर्डाच्या परवान्याविना चालवला. ब्रिटनमध्ये स्पीडवे पुढे टिकून राहिला, त्याचं मोठं श्रेय मी या एका मोसमाला देतो.

बढती मिळत असताना ती नाकारायची, हे वरवर विचित्र वाटतं. पण प्रॉव्हिन्शियल लीग जन्माला कशी आली ते पाहिलं की नकाराचा अर्थ लागतो. दुसरं महायुद्ध संपल्यावर काही वर्षं स्पीडवेला तुफान गर्दी लोटत असे; वेम्ब्लीसारख्या स्टेडियमवर आठवड्याच्या आठवड्याला हजारो लोक जमत. पुढे करमणूक कराचा बोजा वाढला, घरोघरी टीव्ही आला आणि एकेक ट्रॅक बंद होत गेला. वेम्ब्लीचे सर्वेसर्वा सर आर्थर एल्विन १९५७ च्या सुरुवातीला वारले आणि तिथला संघही थांबला. १९५९ मध्ये देशपातळीवरची एकच लीग होती, नऊ संघांची. नवशिक्या स्वाराने शिकायचं कुठे, याला उत्तरच नव्हतं.

माइक पार्कर आणि रेग फिअरमन या प्रमोटरांनी पुढाकार घेतला आणि १९६० मध्ये दहा संघांची प्रॉव्हिन्शियल लीग उभी राहिली. रेली, पूल, ब्रिस्टल, स्टोक, शेफील्ड, क्रॅडली हीथ, एडिंबरा, लिव्हरपूल, ब्रॅडफर्ड, यार्मथ. यातली बरीच नावं कोळशाच्या, पोलादाच्या, मातीच्या भांड्यांच्या कारखान्यांच्या गावांची किंवा बंदरांची. खर्च आवाक्यात ठेवायचा, महागडे तारे आणायचे नाहीत, जुन्या-नव्या स्वारांची सरमिसळ करायची, एवढंच सूत्र. पहिल्या वर्षी रेली जिंकलं, पुढची दोन वर्षं पूल, मग वुल्व्हरहॅम्प्टन. अशा लीगमधून विजेत्यालाच उचलून वर नेलं, तर त्या संघाची वरती दमछाक होणार आणि खालची लीग आपलं मोठं आकर्षण गमावणार. आज वुल्व्हरहॅम्प्टन, उद्या दुसरं कुणी. वरच्यांची रिकामी जागा भरण्यासाठी खालच्यांनी आपलं घर रिकामं करायचं, ही मागणी अन्यायाची होती आणि तिला नकार देण्यात शहाणपण होतं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. मोटरसायकलला ब्रेक नाही. गिअर एकच. त्या काळी इंजिन बहुधा टॉटनमच्या जेएपी कंपनीचं, ५०० सीसीचं, मेथॅनॉलवर चालणारं. चार स्वार एका रेषेत उभे राहतात, समोरच्या टेप झटकन वर जातात आणि लंबगोल ट्रॅकचे चार फेरे डावीकडे वळत पुरे करायचे. वळणावर स्वार पोलादी तळ लावलेला डावा बूट जमिनीवर टेकवतो, मागचं चाक मुद्दाम बाहेर घसरू देतो आणि थ्रॉटलच्या जोरावर गाडी वळवतो. एक हीट मिनिटभरात, सव्वा मिनिटात संपते. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. त्या वर्षांत सामना तेरा हीट्सचा असे, म्हणजे एकूण ७८ गुण. चाळीस झाले की सामना आपला. जळलेल्या एरंडेल तेलाचा वास कपड्यांना चिकटून घरापर्यंत येतो, असं या खेळाचे जुने प्रेक्षक फार प्रेमाने सांगतात.

तर १९६४. वेस्ट हॅमचा ट्रॅक पुन्हा सुरू झाला आणि नॅशनल लीगने कसेबसे सात संघ गाठले. परवाना नसलेल्या प्रॉव्हिन्शियल लीगमध्ये मात्र बारा संघ होते. स्टोक आणि रेली गळाले, पण वेल्समध्ये न्यूपोर्टला नवा संघ उभा राहिला. कॉर्नवॉलमधल्या सेंट ऑस्टेलचा गाशा गुंडाळून ट्रेव्हर रेडमंडने ग्लासगोत बिऱ्हाड थाटलं. लेन सिल्व्हरने पूर्व लंडनमधलं हॅकनी हाती घेतलं. क्रॅडली हीथ, एडिंबरा, एक्सेटर, लाँग ईटन, मिडल्सब्रो, न्यूकॅसल, पूल, शेफील्ड आणि वुल्व्हरहॅम्प्टन होतेच. स्कॉटलंडच्या राजधानीपासून डेव्हनपर्यंत ही लीग पसरली होती. एडिंबराहून एक्सेटरला जायचं तर सातशे किलोमीटरच्या वर रस्ता, आणि तिथे पोचल्यावर रग्बीच्या मैदानाभोवतीचा लांबलचक ट्रॅक आणि त्याचं ते पोलादी कुंपण, जे पाहून पाहुण्या स्वाराचा हात थ्रॉटलवर आपोआप सैल पडे. न्यूकॅसलची शर्यत सोमवारी, शेफील्डची गुरुवारी, वुल्व्हरहॅम्प्टनची शुक्रवारी. पुष्कळ ट्रॅक ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींच्या स्टेडियममध्ये होते, त्यामुळे मिळेल तो वार धरावा लागे.

बंडाची किंमत भरली ती स्वारांनी. या लीगमध्ये धावणाऱ्याला परवानाधारक ट्रॅक बंद झाले आणि जागतिक अजिंक्यपदाची दारंही. आदल्याच वर्षी दोन्ही लीगचे संघ एकमेकांशी मैत्रीचे सामने खेळत होते. सप्टेंबर १९६३ मध्ये अशाच एका सामन्यात, एडिंबराच्या ओल्ड मेडोबँकवर, समोर पडलेल्या जॉर्ज हंटरला वाचवताना बेल व्ह्यूचा पीटर क्रेव्हन कुंपणावर आदळला आणि चार दिवसांनी गेला. १९५५ आणि १९६२ चा जगज्जेता, प्रॉव्हिन्शियल लीगच्या एका स्वारासाठी जिवावर उदार झालेला. काही महिन्यांतच त्याच दोन लीगच्या स्वारांना एकत्र धावायलाही बंदी झाली. कागदावरच्या भांडणात ट्रॅकवरची माणसं कशी भरडली जातात, हे वाचताना आजही राग येतो.

त्यांच्यातला एक होता न्यूकॅसलचा आयव्हन मॉगर. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चचा हा मुलगा १९५७ मध्ये, अजून विशीही गाठली नव्हती तेव्हा, विम्बल्डनला आला होता. तिथे त्याला संघात पाय रोवता आले नाहीत. तो परत गेला, तिकडे शिकला, आणि १९६३ मध्ये पुन्हा आला तो वरच्या लीगमध्ये नाही, तर न्यूकॅसलच्या ब्रो पार्कवर, दुसऱ्या दर्जात. आला त्याच वर्षी तो प्रॉव्हिन्शियल लीगच्या स्वारांचा अजिंक्यवीर झाला. १९६४ मध्ये पुन्हा तोच. न्यूकॅसल डायमंड्सने लीगही जिंकली. त्या सप्टेंबरात स्वीडनमध्ये गॉथेनबर्गला बॅरी ब्रिग्ज जगज्जेता झाला, तोही न्यूझीलंडचाच आणि क्राइस्टचर्चचाच. मॉगरला तिथे पोचण्याचा प्रयत्न करण्याचीही मुभा नव्हती. पुढे त्याने सहा वेळा जग जिंकलं म्हणून हे वर्ष विसरून चालणार नाही. उमेदीच्या वयातला एक मोसम पुन्हा मिळत नसतो.

तंटा शेवटी हार्टली शॉक्रॉस यांच्याकडे गेला. न्यूरेंबर्ग खटल्यात ब्रिटनच्या वतीने मुख्य सरकारी वकील म्हणून उभे राहिलेले हेच ते लॉर्ड शॉक्रॉस. त्यांच्या चौकशीतून दोन्ही लीग एक करण्याचा मार्ग निघाला आणि १९६५ मध्ये अठरा संघांची ब्रिटिश लीग सुरू झाली. नॉर्विच बंद झालं होतं, त्यामुळे जुन्या नॅशनल लीगचे उरलेले सहा संघ आणि प्रॉव्हिन्शियलच्या वाट्याचे बारा. मिडल्सब्रोच्या जागी हॅलिफॅक्स आलं, बाकी अकरा तसेच्या तसे. दोन तृतीयांश जागा ज्यांनी भरल्या, त्यांनाच वर्षभर बेकायदेशीर ठरवलं गेलं होतं. एका विजेत्याला एकट्याला वर पाठवायला ते तयार नव्हते. सगळे मिळून बरोबरीने आले. पहिली ब्रिटिश लीग वेस्ट हॅमने जिंकली.

या तडजोडीत एक गोष्ट मात्र निसटली. सगळे एका पंगतीला बसले आणि दुसरा दर्जाच उरला नाही. तीन वर्षांत तोच जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला: नवा पोरगा धावणार कुठे? १९६८ मध्ये दहा संघांचा दुसरा विभाग काढावा लागला. नेल्सन, क्रेफर्ड, कँटरबरी, रेडिंग, प्लिमथ, वेमथ, बेरिक, रेली, पुन्हा मिडल्सब्रो, आणि बेल व्ह्यूने खास तरुणांसाठी काढलेला कोल्ट्स संघ. कोल्ट्सनी ती पहिली स्पर्धा जिंकली आणि पुढचीही. नाव बदलत, आकार बदलत हा दुसरा दर्जा तेव्हापासून टिकून आहे. आज त्याला चॅम्पियनशिप म्हणतात. पीटर कॉलिन्स १९७१ मध्ये रॉचडेलकडून याच दर्जात धावला आणि १९७६ मध्ये जगज्जेता झाला. अलीकडचा टाय वॉफिंडन, तीन वेळचा जगज्जेता, तोही राय हाउसकडून इथूनच वर गेला.

त्याच १९६८ मध्ये मॉगरने गॉथेनबर्गला पहिलं जागतिक अजिंक्यपद मिळवलं, आणि तेव्हाही तो न्यूकॅसलचाच स्वार होता. पुढच्या वर्षी तो बेल व्ह्यूला गेला. १९७० नंतर ब्रो पार्क बंद झालं आणि पहिल्या विभागातली त्यांची जागा रेडिंगने घेतली. पण १९७५ मध्ये न्यूकॅसल परतलं, ते दुसऱ्या दर्जातच, आणि १९७६ ची नॅशनल लीग (हे नाव तेव्हा दुसऱ्या दर्जाचं झालं होतं) त्यांनी जिंकून दाखवली.