एका हेक्टराचे अवर्षण

ब्राझीलच्या पारा प्रांतातील काशिउआना या राष्ट्रीय अरण्यात, जेथे वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि दुष्काळ हा शब्दच परका वाटावा, तेथे 2002 साली एक हेक्टर रानात, जमिनीपासून एक-दोन मीटर उंचीवर पारदर्शक प्लास्टिकचे हजारो तक्ते बसवून, पानांतून खाली ठिबकणारे सुमारे निम्मे पाणी पन्हळींवाटे बाहेर वळविण्याचा बंदोबस्त करण्यात आला. शेजारचा तेवढाच तुकडा तुलनेसाठी जसाच्या तसा राखला. पॅट्रिक मीर, आन्तोनियो कार्लोस लोला दा कोस्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिकाटीने चालविलेल्या या प्रयोगाची बावीस वर्षे आज एकत्र पाहता येतात.

प्रश्न जुनाच होता: अवर्षणात वृक्ष मरतो तो भुकेने की तहानेने? पानांतून होणाऱ्या बाष्पीभवनाच्या ओढीने पाण्याचे अखंड धागे मुळांपासून शेंड्यापर्यंत ताणले जातात, हा सिद्धांत डिक्सन व जोली यांनी 1894 मध्ये डब्लिन येथे मांडला होता. माती सुकली की हा ताण वाढत जातो, काष्ठातील वाहिन्यांत हवा शिरते आणि धागा तुटतो. ते टाळण्यासाठी वृक्ष पर्णरंध्रे मिटून घेतो. परंतु ज्या दारातून पाणी जाते त्याच दारातून कर्बवायू आत येत असल्याने, पाणी राखावे तर अन्न तुटते आणि अन्न मिळवावे तर पाणी जाते, अशा पेचात तो सापडतो. 2015 साली लूसी रोलंड व सहकाऱ्यांनी काशिउआनाचा निवाडा प्रसिद्ध केला: कोरड्या तुकड्यातील वृक्षांच्या अंगी साठलेली शर्करा व पिष्ट आटलेले नव्हते; मृत्यूला आरंभ झाला होता तो जलवाहिन्या निकामी झाल्याने. महावृक्षच अधिक संख्येने कोसळले, आणि अरण्याच्या कर्बाचा मोठा वाटा त्यांच्याच खोडांत साठलेला असतो, हे ध्यानी घेतले म्हणजे या निवाड्याचे गांभीर्य कळते.

पण मला या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो तो काळाचा हिशेब. असले काम पुष्कळ अंशी डॉक्टरेटनंतरच्या तरुण संशोधकांच्या हातून होते. पहाटेपूर्वी, मुळांशी व पानांशी पाण्याचा ताण समतोल झालेला असताना, तोडलेली डहाळी पोलादी दाबपात्रात धरून देठाच्या छेदावर रसाचा थेंब कधी उमटतो हे त्यांनी पाहावयाचे, आणि दोन-तीन वर्षांत नेमणुकीची मुदत संपली की दप्तर दुसऱ्याच्या स्वाधीन करून निघावयाचे. वृक्षाला ती मुदत मान्य नसते. पहिली दोन-एक वर्षे मृत्यूंच्या नोंदीत फारसा फरक दिसला नाही. तेव्हाच तक्ते उतरविले असते, तर अरण्य अवर्षणास दाद देत नाही असा दाखला मिळाला असता. सात वर्षांनी सुमारे पाचवा हिस्सा जैवभार नष्ट झाला होता. तेथे थांबते, तर ऱ्हासाला अंत नाही असे वाटले असते. 2025 साली पाब्लो सांचेझ-मार्टिनेझ व सहकाऱ्यांनी दाखविले की, सुमारे पंधरा वर्षांच्या पडझडीनंतर, मेलेल्यांच्या वाट्याचे पाणी मागे राहिलेल्यांस मिळू लागले, आणि त्यांच्यातील पाण्याची स्थिती शेजारच्या न छेडलेल्या रानातील वृक्षांसारखीच झाली.

या स्थैर्याला सुटका समजणे घातक ठरेल. तक्त्यांनी केवळ मातीचे पाणी तोडले. हवेची वाढती उष्णता व कोरडेपणा, वणवा आणि वादळ यांची परीक्षा तेथे झालेली नाही. म्हणून अशा प्रयोगांना मंजुरी देणाऱ्यांनी संशोधकांच्या नेमणुका लहान ठेवल्या तरी प्रयोगाची तरतूद निदान दोन दशकांची करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. काशिउआनाच्या त्या हेक्टराने आपला एकतृतीयांशाहून अधिक जैवभार गमावला, आणि नंतरच्या सात वर्षांत त्याची भरपाई झाली ती अगदी अल्प.