दोन गाणी, एक ठेका

दोस्तांनो, गणपतीची आरती आठवा. पहिली आरती संपत आलेली, टाळांचा ठेका छान जमलेला आणि तेवढ्यात मागून काका दुसरी आरती सुरू करतात. तीही भलत्याच पट्टीत! टाळ गडबडतात, आवाज चिरकतात, दोन-चार ओळी नुसता गोंधळ. पण एखादी आजी अशी काही आरती उचलते, की पहिली कधी संपली न् दुसरी कधी लागली ते कळतसुद्धा नाही. चांगला डिस्क जॉकी, म्हणजे डीजे, रात्रभर हेच तर करत असतो!

'डीजे' म्हटल्यावर आईबाबांच्या कपाळाला आठ्या पडतील. पण ही कला कानठळ्या बसवण्याची नाही, कान देऊन ऐकण्याची आहे.

१२ जुलै १९७९. अमेरिकेतल्या शिकागो शहरात बेसबॉलच्या मैदानावर डिस्को संगीताच्या तबकड्यांचा ढीग स्फोट करून उडवून देण्यात आला. त्याच शहरात 'वेअरहाऊस' नावाच्या क्लबात फ्रँकी नकल्स हा डीजे डिस्कोच्या तबकड्या एकमेकींत गुंफून वाजवत होता. तिथे नाचायला येत ते बहुतेक कृष्णवर्णीय, लॅटिन आणि समलिंगी तरुण. बाहेर अनेकदा झिडकारले जाणारे. त्यांची ही हक्काची जागा. तिच्याच नावावरून या संगीताला 'हाऊस' म्हणू लागले, असं मानतात. पुढे १९८६ साली लॅरी हर्ड याचं 'कॅन यू फील इट' आलं. अशा शांत, गहिऱ्या हाऊसला म्हणतात 'डीप हाऊस'.

आता करूया थोडं गणित. हाऊसमध्ये चारही मात्रांवर ढोलाचा 'धप्' पडतो. मिनिटात किती 'धप्', तो गाण्याचा वेग. डीप हाऊसमध्ये तो साधारण १२०च्या आसपास असतो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तरी चालतं, पण मोजताना एक ठोका चुकला की उत्तर चारने चुकतं! म्हणून पूर्ण मिनिट मोजलेलं बरं.

समजा, पहिलं गाणं १२०चं आणि दुसरं १२४चं. तसंच लावलं तर दर पंधरा सेकंदांना दुसरं गाणं एक ठोका पुढे पळेल. जणू एकाच टांग्याला दोन वेगळ्या चालींचे घोडे! म्हणून दुसऱ्याचा वेग सुमारे सव्वातीन टक्के कमी करायचा. ४ भागिले १२४ गुणिले १००, करून पाहा. शिवाय त्याची सुरुवात पहिल्याच्या समेवर यायला हवी.

वेग जुळला, की काम झालं? छे! पट्टी राहिलीच की. घरी पेटी असेल तर पाहा. 'ए मायनर' म्हणजे पांढरी सहापासून सगळ्या पांढऱ्या पट्ट्या. 'ई मायनर'मध्ये त्याच पट्ट्या, फक्त पांढरी चारच्या जागी काळी तीन. सातांपैकी सहा स्वर सारखे! ही दोन गाणी एकमेकांत छान मिसळतात. पण 'ए मायनर'शेजारी काळी पाचचं मायनर वाजवा. सारखे स्वर फक्त दोन. कान लगेच तक्रार करतो.

आणखी एक गंमत. तबकडी सहा टक्के जोरात फिरवली, की सूरही जवळजवळ एक पट्टी वर चढतो. म्हणजे वेग जुळवायला जावं, तर सूर बिघडतो! आजचे संगणक सूर न बदलता वेग बदलतात, गाण्याची पट्टीही शोधून देतात. बारा आकड्यांचं घड्याळासारखं 'कॅमेलॉट चक्र' त्यासाठीच आहे. त्यात 'ए मायनर' आठवर, 'ई मायनर' नऊवर. शेजारी शेजाऱ्याशी जमतं, एवढं लक्षात ठेवायचं.

पण संगणकही फसतो बरं का! १२४चा वेग कधी ६२ सांगतो. 'ए मायनर' आणि 'सी मेजर' यांचे स्वर तेच, म्हणून त्यांतही घोटाळा करतो. शेवटी कानच खरा.

मग या रविवारी कुठलीही दोन आवडती गाणी घ्या. घड्याळ समोर ठेवून ठोके मोजा, पेटीवर त्यांचा 'सा' शोधा. जुळतात का सांगा. आणि येत्या गणपतीत दुसरी आरती तुम्हीच उचला. काकांच्या आधी!