चारी आपली, राखण कुणाची?



उन्हाळी आवर्तन सुटले की आपल्या गट कार्यालयात दोन प्रकारची गाऱ्हाणी येतात. हेडचा सभासद म्हणतो, "पाणी लई झालं, सरीत तुंबलंय." टेलचा सभासद म्हणतो, "साहेब, पाळी संपली, पण आमच्या बांधाला पाणी लागलंच नाही." कालवा एकच, पाणीपट्टीचा दरही एकच. नमुना नंबर ७ दोघांनीही भरलेला. मग फरक कुठे पडला?

धरणात पाणी कमी, हे कारण काही वर्षी खरे असते. परंतु धरण भरलेल्या वर्षीही टेल कोरडा राहतो, तेव्हा पाणी वाटेत कुठे गेले हे पाहायला हवे. त्याचा थोडा हिशेब मांडू.

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर पाणी. हे पाणी २४ तास चालले तर साधारण साडेचोवीस लाख लिटर होते. ते एका एकरावर कोंडून ठेवले तर जवळजवळ दोन फूट उभे राहील. उसाला एका पाळीत तीन इंच पाणी धरले, तर वाटेत थेंबही न सांडता एक क्युसेकमध्ये दिवसाला आठ एकर भिजतात.

आता गळतीकडे वळू. चारीच्या दाराची पाटी वाकली आहे, खाली दगड अडकला आहे, त्यातून पाणी चालले आहे. तेलाचा १५ लिटरचा डबा जेमतेम दोन सेकंदांत भरेल एवढाच तो ओघळ. येणारा जाणारा म्हणतो, "एवढ्यानं काय होतंय?" पण हे पाव क्युसेक पाणी झाले. १५ दिवसांच्या पाळीत ते सुमारे ९२ लाख लिटर होते, म्हणजे ३० एकर उसाची एक पाळी! ती नाल्याला गेली. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, त्यातलाच हा प्रकार.

गाळ आणि गवताचेही तसेच. साफ मातीच्या चारीतून जेवढे पाणी जाते, त्याच्या निम्मेच पाणी गवत माजलेल्या चारीतून तेवढ्याच उंचीने जाते. पाणी पुढे सरकत नाही म्हणून ते वर चढते, काठ फोडते आणि हेडच्याच शेतात शिरते. "पाणी लई झालं" आणि "पाणी आलंच नाही" ही दोन्ही गाऱ्हाणी एकाच गवताची असतात.

हे काम कुणाचे?

बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते, "सरकारचं." ते अर्धेच खरे आहे. मुख्य कालवा, वितरिका आणि मायनर यांची देखभाल जलसंपदा विभागाकडे, म्हणजे आपल्या जुन्या पाटबंधारे खात्याकडे असते. दाराखालची शेतचारी मात्र लाभधारकांनीच राखायची असते. जिथे पाणी वापर संस्थेने २००५ च्या कायद्याप्रमाणे कारभार हाती घेतला आहे, तिथे तिच्या हद्दीतल्या मायनरची देखभालही संस्थेकडे येते. खात्याने आपले काम केले नाही तर जरूर भांडावे, लेखी अर्ज द्यावा. पण आपल्या बांधालगतची चारी बाभळींनी भरलेली असताना साहेबांपुढे आपला आवाज चढत नाही, हेही खरे.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. धुळे आणि नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर जुनी फड पद्धत होती. बंधाऱ्याचे पाणी पाटाने फडात यायचे. पाटकरी, हवालदार, जागल्या ही माणसे शेतकरीच नेमत आणि पाटाची साफसफाई सर्वांनी मिळून करत. गाव करील ते राव काय करील, हे तिथे रोजच्या व्यवहारात होते.

हेडवाल्यांचा काय फायदा?

काही सभासद उघड बोलत नाहीत, पण मनात म्हणतात, "आमाला पाणी मिळतंय, टेलचं टेलवाले बघतील." त्यांनी नीरा डाव्या कालव्याचा इतिहास ध्यानात घ्यावा. हा कालवा १८८५ साली सुरू झाला. दुष्काळी मुलुखात ऊस उभा राहिला. परंतु काही दशकांतच कालव्याखालच्या जमिनी पाणथळ आणि क्षारपड होऊ लागल्या. कालव्याचा आणि चाऱ्यांचा पाझर, त्यात शेताला दिलेले जादा पाणी. निचऱ्याला वाट नव्हती. गळक्या चारीचे पाणी टेलचा ऊस वाळवते आणि हेडची जमीन चोपण करते. वाळलेला ऊस पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतो, चोपण झालेली जमीन सुधारता सुधारता वर्षे जातात.

करण्यासारखी कामे

रब्बी हंगाम १५ ऑक्टोबरला धरतात. पावसाळा सरल्यावर आणि पहिले आवर्तन सुटण्यापूर्वी पुढील कामे उरकावीत.

१. चारीतला गाळ मूळ तळापर्यंतच काढावा. जास्त खोल केल्यास पाणी शेताला चढत नाही. काढलेला गाळ काठावर मोकळा टाकू नये, पहिल्या पावसात तो परत आत येतो.

२. वेडी बाभूळ आणि बेशरम मुळासकट काढावी. नुसती छाटल्यास दुप्पट फुटते.

३. घुशी आणि खेकड्यांची बिळे वरवर बुजवू नयेत. बीळ उकरून मोकळे करावे, वीत-वीत मातीचा थर द्यावा, पाणी मारून धुम्मसाने ठोकावा आणि मग पुढचा थर द्यावा.

४. तोडणीच्या दिवसांत उसाच्या गाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या चारीचा काठ उतरवून नेतात. तिथेच पुढे खिंडार पडते. गाडीवाट लागणारच असेल तर पुरेशा व्यासाचा सिमेंट पाइप टाकून वर मुरूम घालावा. लहान पाइप टाकणे म्हणजे चारीला बूच मारणे.

५. पाचट चारीत टाकू नये. एक भारा सायफनच्या तोंडाशी बसला की पाणी मागे तुंबते.

६. पाइपलाइनसाठी कालव्याचा भराव परवानगीशिवाय खोदू नये. कालव्याची नासधूस करणे, प्रवाह अडवणे आणि विनापरवाना पाणी घेणे हा १९७६ च्या महाराष्ट्र पाटबंधारे कायद्याने गुन्हा आहे.

कालवा फक्त उसाचा नाही, हेही विसरू नये. कित्येक गावांचे पिण्याच्या पाण्याचे तळे त्याच पाण्याने भरते, म्हणून औषध फवारणीचे पंप आणि डबे त्यात धुऊ नयेत. कपडे धुण्यास आणि जनावरे पाजण्यास पायऱ्या किंवा उतार केला असेल तिथेच जावे, काठ तुडवू नये. अस्तर केलेल्या कालव्याची बाजू शेवाळाने निसरडी असते. आत पडलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. पोरांना तिथे पोहू देऊ नका.

एक पाहण्यासारखे उदाहरण

नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण आहे. कालव्याच्या टेलला ओझर परिसर. तिथल्या शेतकऱ्यांना पाणी पोचत नव्हते. १९९० च्या सुमारास समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये यांच्या पुढाकाराने टेलच्याच शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था काढल्या. पाणी मोजून घेतले आणि मोजून वाटले. पुढे वरचे शेतकरीही आले, २४ संस्था झाल्या आणि साऱ्या प्रकल्पाचा कारभार शेतकऱ्यांनी हाती घेतला. सुरुवात टेलवाल्यांनी केली हे ध्यानात घ्या. ज्याची तहान मोठी, त्यानेच आधी उठावे लागते.

२००५ च्या कायद्याने संस्थेच्या संचालक मंडळात हेड, मध्य आणि टेल या तिन्ही भागांना सारख्या जागा ठेवल्या आहेत. शेजपाळीही टेलकडून हेडकडे चालवायची असते. म्हणजे कायदा टेलच्या बाजूने आहे. पण कायद्याचे पाणीसुद्धा चारीतूनच यायचे असते!

तेव्हा प्रत्येक चारीवरच्या सभासदांनी एक दिवस ठरवावा. घरटी एक माणूस, एक खोरे. सुरुवात टेलपासून करत हेडपर्यंत यावे. वाटेत गळके दार, फुटका काठ आणि बुजलेली मोरी दिसेल ती वहीत टिपावी. खात्याच्या हद्दीतली कामे लेखी कळवावीत, आपली आपण उरकावीत.

आपण कारखाना उभा केला तो एकेका शेअरने. चारीचा शेअर पैशाचा नाही, दिवसभराच्या घामाचा आहे. तो ज्याने भरला, त्याला टेलच्या शेतकऱ्यापुढे मान खाली घालावी लागणार नाही.

— शेतकी विभाग