कुरण कुणाचे? अमेरिकेतील चराईच्या वादापासून घ्यावयाचा धडा

पावसाळा सरला की शिवारातले गवत पिवळे पडू लागते आणि गुरे कुठे सोडावीत हा प्रश्न घरोघरी उभा राहतो. ज्याची जमीन दोन-तीन एकरच आहे त्याची सारी भिस्त गायरानावर असते. हे गायरान कुणाचे, असे विचारले तर आपण “गावाचे” म्हणून मोकळे होतो. पण कागदावर नाव कुणाचे आहे आणि उद्या कुणी त्याला कुंपण घातले तर आपण काय दाखवणार, याचा विचार क्वचितच होतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात याच प्रश्नावर शंभराहून अधिक वर्षे वाद चालू आहे. त्यात आपल्याला शिकण्याजोगे पुष्कळ असल्याने ती हकीकत या वेळी वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ज्याची गुरे त्याचे गवत

एकोणिसाव्या शतकात त्या मुलखात अफाट मोकळी जमीन होती. मूळ रहिवाशांकडून ती तहाने किंवा बळाने घेतलेली, आणि नावाने सरकारची. १८६२ च्या कायद्याने सरकारने कुटुंबामागे १६० एकर जमीन वसाहतीसाठी देऊ केली. जिथे पाऊस बरा तिथे तेवढ्यात भागले. पण कोरड्या मुलखात १६० एकरांत मोजकीच गुरे जगतात. म्हणून पशुपालक पाणवठ्याजवळची जमीन आपल्या नावे करीत आणि गुरे सरकारी रानात सोडीत. फी नाही, मोजदाद नाही. जो आधी पोहोचेल त्याचे गवत.

याचा परिणाम व्हायचा तोच झाला. आपण गवत राखले तर शेजारी चारून नेईल, या भीतीने कुणीच राखले नाही. १८८६ च्या उन्हाळ्यात उत्तरेकडील रानात दुष्काळ पडला, गवत आधीच खुरटले होते आणि त्यावर कडक हिवाळा आला. मोंटाना, वायोमिंग, डकोटा या भागांत गुरे कळपाकळपांनी मेली.

तरीही कायदा व्हायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. कोलोराडोचे लोकप्रतिनिधी एडवर्ड टेलर यांच्या नावाने ओळखला जाणारा चराई कायदा जून १९३४ मध्ये झाला. त्याच्या आदल्याच महिन्यात मैदानी प्रदेशातली उडालेली माती पूर्वेकडच्या मोठ्या शहरांपर्यंत पोहोचली होती.

परवाना म्हणजे मालकी नव्हे

या कायद्याने रानाचे चराई विभाग पाडले, गुरांची संख्या ठरवली, फी लावली आणि परवाने दिले. परवाना साधारणपणे दहा वर्षांचा असतो व त्याचे नूतनीकरण होते. पण त्याने जमिनीवर कसलाही मालकी हक्क उत्पन्न होत नाही, हे कायद्यातच लिहून ठेवले आहे.

फीचे माप समजण्याजोगे आहे. वासरासह एक गाय, किंवा एक घोडा, किंवा पाच मेंढ्या-बकऱ्या यांना महिनाभर पुरेल एवढा चारा हे एक परिमाण. त्याला २०१९ ते २०२५ या काळात १.३५ डॉलर फी होती. खासगी कुरणाचे भाडे याच्या कितीतरी पट असते. सरकारचे जमीन व्यवस्थापन खाते आज सुमारे २४.५ कोटी एकर जमीन सांभाळते आणि त्यातील सुमारे १५.५ कोटी एकरांवर चराईला परवानगी आहे.

मग भांडण कशाचे? पशुपालक म्हणतात, आमच्या आज्यापणज्यांनी इथे पाणवठे बांधले, कुंपणे घातली. शेत विकताना परवान्याचीही किंमत धरली जाते, बँक त्यावर कर्ज देते. असे असता दूरच्या कचेरीतला अधिकारी एका हुकुमाने गुरे कमी करायला सांगतो, तेव्हा आम्ही जगावे कसे? दुसरी बाजू म्हणते, ही जमीन साऱ्या देशाची आहे. स्वस्तात चारा घ्यायचा आणि ओढ्याकाठचे गवत संपले की बोट दुसऱ्याकडे दाखवायचे, हे चालणार नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, हे आपण गुरे पाळणारे लोक सहज जाणू शकतो.

एकाच राज्यातील दोन घरे

नेवाडा राज्याची सुमारे ८० टक्के जमीन केंद्र सरकारची आहे. तेथील क्लाइव्हन बंडी या पशुपालकाने १९९३ पासून चराईची फी भरणे बंद केले. वाळवंटी कासवाच्या रक्षणासाठी गुरांवर घातलेली मर्यादा त्यांना मान्य नव्हती आणि ही जमीन केंद्राची नाहीच, असे त्यांचे म्हणणे होते. १९९८ मध्ये न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. थकबाकी व दंड दहा लाख डॉलरांवर गेला. एप्रिल २०१४ मध्ये सरकारने गुरे धरायला सुरुवात केली, तेव्हा त्यांचे बंदूकधारी पाठीराखे जमले. रक्तपात टाळण्यासाठी अधिकाऱ्यांनी धरलेली गुरे सोडून दिली. सरकारी वकिलांनी पुरावे दडवल्याच्या कारणावरून २०१८ मध्ये खटलाही निकालात निघाला. गुरे त्या रानात चरतच राहिली.

त्याच राज्यात मेरी आणि कॅरी डॅन या शोशोनी जमातीच्या दोन बहिणी गुरे-घोडी पाळीत. ही जमीन आमच्या लोकांनी कधी विकलीच नाही, १८६३ चा तह पाहा, असे त्या सांगत. १९७४ मध्ये सरकारने त्यांच्यावर विनापरवाना चराईचा खटला भरला. जमिनीच्या मोबदल्यादाखल २.६ कोटी डॉलर ठरवून सरकारने ते आपल्याच खजिन्यात जमातीच्या नावे ठेवले होते. जमातीने त्याला हात लावला नाही. तरीही पैसे जमा झाले म्हणजे मोबदला पोहोचला, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये दिला. २००२ मध्ये बहिणींची दोनशेहून अधिक गुरे सरकारने उचलून नेली.

दोघांनीही परवाना नाकारला. एकाची गुरे बंदुकीने राखली, दुसऱ्यांची हातात तह असून गेली. कायदा सर्वांना सारखा लागला नाही, तर त्याच्यावर विश्वास कुणी ठेवावा, असे आम्हाला वाटते.

कुंपण कोण घालील?

केंद्राने या जमिनी राज्यांना द्याव्यात, अशी मागणी काही पशुपालक करतात. पण नेवाडालाच राज्य झाल्यावर शाळांसाठी म्हणून लाखो एकर जमीन मिळाली होती. ती राज्याने जवळजवळ सगळी विकून टाकली. सरकारी जमिनीचा काही भाग विकावा, असा प्रस्ताव जून २०२५ मध्ये तेथील सिनेटमध्ये आला, तेव्हा शिकारी, मासे पकडणारे आणि निसर्गरक्षक असे एरवी न पटणारे लोक एकत्र उठले व तो मागे घ्यावा लागला. जमीन विकली गेली की पहिले कुंपण गरीब पशुपालकाच्या वाटेवर पडते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

चांगले उदाहरणही आहे. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या सीमेवर १९९४ मध्ये पशुपालकांनी शास्त्रज्ञांना सोबत घेऊन मालपाई नावाची संस्था उभारली. त्यांनी ‘गवतपेढी’ काढली. ज्याच्या रानात पाऊस झाला नाही त्याने आपली गुरे राखीव कुरणात न्यावीत आणि बदल्यात स्वतःची जमीन तुकडे पाडून विकणार नाही असे लिहून द्यावे. त्यामुळे पडलेल्या रानाला विसावा मिळतो आणि शेतकरीही टिकतो.

आपल्या गावी काय करावे?

आपल्याकडे गायरानावर वहिवाट गावाची असली तरी कागदोपत्री जमीन बहुधा सरकारची किंवा पंचायतीची असते. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातील एका खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवावीत, असा आदेश सर्व राज्यांना दिला. म्हणजे कायदा सामाईक जमिनीच्या बाजूला आहे. पण कागद हातात नसेल तर कायदा कामी येत नाही.

म्हणून आम्ही सुचवतो की गावातील चार जाणत्यांनी गायरानाचा उतारा आणि नकाशा काढून आणावा व हद्दीचे दगड आहेत का ते पाहावे. ग्रामसभेत गुरांची मोजदाद करून रानाचे दोन-तीन भाग पाडावेत आणि एक भाग पाळीपाळीने राखावा, म्हणजे गवताला बी धरायला अवसर मिळेल. थोडी चराई फी ठरवून ती पाणवठ्याच्या दुरुस्तीला लावावी. आणि दरवर्षी येणाऱ्या मेंढपाळांना या ठरावात जागा द्यावी. टेलर कायद्याने जवळपास जमीन किंवा पाणी असणाऱ्यालाच प्राधान्य दिले, त्यामुळे तिकडच्या फिरत्या मेंढपाळांची वाट बंद झाली. ती चूक आपण करू नये.

गवत चारणाऱ्याचे असते, पण मूळ जपणाऱ्याचेच टिकते. येत्या ग्रामसभेपूर्वी उतारा तेवढा काढून ठेवा.