ग्रंथालयाची गोष्ट सांगणारी चित्रपुस्तके

बालसाहित्यात चित्रपुस्तक हा स्वतंत्र प्रकार मानला जातो. त्यातील चित्र म्हणजे मजकुराची केवळ सजावट नसते. निम्मी गोष्ट चित्रच सांगते. त्यामुळे अक्षरओळख नसलेले मूलही असे पुस्तक आपल्या परीने वाचते. यांपैकी काही पुस्तकांचा विषयच ग्रंथालय व वाचनाचा आनंद हा असतो. 'वाचन करा' असे बजावल्याने मुले वाचू लागत नाहीत, हा सर्वांचा अनुभव आहे. उपदेश टाळून ही पुस्तके आपले काम कसे साधतात, ते दोन उदाहरणांवरून पाहू.

पहिले पुस्तक जीनेट विंटर या अमेरिकन लेखिका-चित्रकर्तीचे 'द लायब्रेरियन ऑफ बसरा' (२००५). ही सत्यकथा आहे. आलिया मुहम्मद बाकर या इराकमधील बसरा येथील मध्यवर्ती ग्रंथालयाच्या प्रमुख ग्रंथपाल होत्या. २००३ साली युद्धाची चाहूल लागताच त्यांनी ग्रंथ सुरक्षित स्थळी हलविण्याची परवानगी मागितली. ती नाकारण्यात आली. तेव्हा त्या रोज आपल्या गाडीतून पुस्तके घरी नेऊ लागल्या. युद्ध शहरात पोहोचल्यावर शेजारच्या उपाहारगृहाचे मालक व इतर रहिवासी मदतीला आले. हातोहात पुस्तके भिंतीपलीकडे गेली. पुढे थोड्याच दिवसांत ग्रंथालय जळाले. परंतु सुमारे ३०,००० ग्रंथ, म्हणजे संग्रहाचा जवळजवळ ७० टक्के भाग, बचावला. पवित्र कुरआनचा प्रारंभिक आदेश 'वाचा' हा आहे, याची आठवण आलियांनी करून दिली होती. तिचा उल्लेख पुस्तकाच्या आरंभीच येतो.

लहान मुलांना युद्ध दाखवावे काय, असा प्रश्न येथे उद्भवतो. लेखिकेने विजय-पराजयाची चर्चा केलेली नाही. मुलाचे लक्ष एकाच चिंतेवर राहते : पुस्तकांचे काय होणार? ज्या वस्तूसाठी मोठी माणसे जीव धोक्यात घालतात ती मोलाची असली पाहिजे, हा निष्कर्ष मूल स्वतःच काढते.

दुसरे पुस्तक मिशेल नुडसन यांचे 'लायब्ररी लायन' (२००६). चित्रे केविन हॉक्स यांची. ग्रंथालयात एक सिंह येतो. शांतता पाळली तर त्याला गोष्ट ऐकायला बसू देतात. पण प्रमुख ग्रंथपाल पडून जखमी होतात, तेव्हा मदत मिळविण्यासाठी तो नियम मोडून डरकाळी फोडतो. नियम कशासाठी असतात, हे पाच-सहा वर्षांच्या मुलालाही यातून समजते.

दोन्ही गोष्टींत नियमापेक्षा हेतू मोठा ठरतो. येथे आपण स्वतःकडे पाहिले पाहिजे. अनेक शाळांत पुस्तके कपाटात कुलूपबंद असतात. पुस्तक फाटले वा हरवले तर तपासणीत जाब द्यावा लागेल, ही शिक्षकाची भीती खोटी नाही. परंतु आलियांनी पुस्तके वाचकांसाठी वाचविली. आपण ती वाचकांपासून वाचवितो. पुस्तके वापरासाठी आहेत, हा डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांतील पहिलाच नियम आहे. त्याच्याही आधी बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन या तज्ज्ञांना बोलावून ग्रंथालयांची घडी बसविली. पुढे पेट्यांतून पुस्तके खेड्यापाड्यांत फिरू लागली. प्रवासात पुस्तके झिजणार, हे तेथे गृहीतच धरलेले असणार.

आपल्या मुलांच्या घरी उर्दू किंवा दखनी, शाळेत मराठी किंवा कन्नड अशी स्थिती असते. चित्रपुस्तक येथे विशेष उपयोगी पडते. शिक्षकाने चित्र दाखवून मजकूर मुलाच्या बोलीत सांगावा व पान उलटण्यापूर्वी पुढे काय होईल ते विचारावे. गोष्ट संपल्यावर एकच प्रश्न करावा : 'तुला एकच पुस्तक वाचविता आले, तर कोणते वाचवशील?'

मुलाला एकाही पुस्तकाचे नाव सुचले नाही, तर दोष त्याचा नाही. कपाटाची किल्ली आपल्याकडे आहे.