चूळपंथकाचे वस्त्र आणि कामावरील अवधान

कामावर लक्ष न टिकणे हा आळस आहे, की मेंदूच्या जडणघडणीतील भेद? या प्रश्नाचा विचार धम्म आणि विज्ञान या दोन्ही अंगांनी करणे आम्हास अगत्याचे वाटते.

एडीएचडी हा मेंदूच्या विकासाशी निगडित विकार होय. अवधान टिकविणे, कामाचा क्रम लावणे, वेळेचा अंदाज घेणे व आवेग आवरणे या गोष्टी अशा व्यक्तीस जड जातात. लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वीच दिसू लागतात आणि अनेकांत प्रौढपणीही टिकतात. जगातील प्रौढांपैकी सुमारे २.५ टक्के व्यक्तींना तो असावा, असा अंदाज आहे.

शिवाजीनगरची सरकारी कचेरी असो वा खराडी-मगरपट्ट्यातील संगणक-कंपनी, अशा कर्मचाऱ्याची फाईल अर्धवट राहते, बैठकीत ऐकलेले निसटून जाते. मात्र आवडीच्या कामात तोच तासन्‌तास गढून जातो. त्यामुळे ‘जमते, पण करीत नाही’ असा शिक्का त्याच्यावर बसतो. आपल्या समाजातील कर्मचाऱ्यास तर हा शिक्का दुहेरी जाचतो. कारण त्याच्या प्रत्येक चुकीत आरक्षणाविरुद्धचा पुरावा शोधणारे डोळे भोवती असतात. मग तो अडचण लपवितो आणि ती अधिकच वाढते.

धम्मपदाच्या अट्ठकथेतील चूळपंथकाची कथा येथे उद्‌बोधक आहे. चार महिने घोकूनही त्याला एक गाथा पाठ होईना. तेव्हा वडील बंधू महापंथक याने त्याला संघ सोडून जाण्यास सांगितले. महापंथक स्वतः अर्हत होता. तरीही त्याला भावाचे अपयशच दिसले. तथागतांनी मात्र चूळपंथकाच्या हाती एक स्वच्छ वस्त्र दिले आणि ‘रजोहरण’ हा एकच शब्द उच्चारीत ते चोळावयास सांगितले. वस्त्र मळत गेले, त्यातून त्याला अनित्यता उमगली आणि तो अर्हत झाला. चूळपंथकाला हाच विकार होता, असे आम्ही म्हणत नाही. परंतु तथागतांनी त्याला दोष दिला नाही, साधन बदलले, ही गोष्ट मोलाची आहे.

अट्ठकथा त्याच्या मंदपणाचे कारण पूर्वजन्मीच्या कर्मात शोधते. ते आम्हास मान्य नाही. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत नाकारला; वारसा मिळतो तो मातापित्यांकडून, असे प्रतिपादिले. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून एडीएचडीमध्ये आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के आढळला आहे. हे पाप नव्हे आणि शिक्षाही नव्हे.

त्या वस्त्राचे गुण कामाच्या मेजावरही आणता येतात. ते हाताला लागणारे होते. म्हणून काम डोक्यात न ठेवता कागदावर, डोळ्यांसमोर ठेवावे. शब्द एकच होता. म्हणून मोठ्या कामाचे तुकडे करून एका वेळी एकच तुकडा मेजावर असावा. मळ तत्काळ दिसत होता. म्हणून पंधरा-वीस मिनिटांचा गजर लावून झालेल्या भागावर खूण करावी. भ्रमणध्वनी नजरेआड ठेवावा. तोंडी सूचना लेखी मागाव्यात. शेजारी शांतपणे काम करणारा सहकारी असल्यासही अनेकांना स्थैर्य लाभते.

सतीचा मूळ अर्थ स्मरण असा आहे. चित्त भटकणारच, ते भटकल्याचे ध्यानी येणे व परतणे हाच अभ्यास होय. तथापि ध्यान हा औषधाचा पर्याय नव्हे. चिंता, नैराश्य व अपुरी झोप यांनीही अवधान ढळते, म्हणून निदान मानसोपचारतज्ज्ञाकडूनच करून घ्यावे. मेथिलफेनिडेटसारखी औषधे अनेकांना उपयुक्त ठरतात, पण ती चिठ्ठीवाचून घेऊ नयेत. ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांकही आहे. ‘येरवड्याला पाठवा’ या पुणेरी थट्टेच्या भयाने उपचार टाळणे हे अज्ञानाला शरण जाणे होय.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे सवलत बहुधा वरिष्ठांच्या समजुतीवरच अवलंबून राहते. म्हणूनच आपल्यापैकी जे अधिकारपदी पोहोचले आहेत, त्यांची जबाबदारी मोठी आहे. हाताखालच्या चूळपंथकाला दार दाखवावयाचे, की त्याच्या हाती योग्य वस्त्र द्यावयाचे, हे त्यांनीच ठरवावयाचे आहे.