करवीरचे राजवाडे, लेखांक ३ : गादी गडावर होती तेव्हा

मागच्या आठवड्यात आपण भवानी मंडपातून जुना राजवाडा पाहिला. पण करवीरची गादी मुळात तिथली नव्हे. १७८२ साली ती खाली कोल्हापुरात आली. त्याआधी ती वीसेक किलोमीटरवरच्या पन्हाळ्यावर होती, समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून उंच.

पाहुण्यांना गडावर नेलं की एक प्रश्न हमखास येतो, ‘राजवाडा कुठाय?’ प्रश्न रास्त आहे. पन्हाळा आधी गड आणि मग राजधानी. तो उभा राहिला शिलाहार राजा दुसऱ्या भोजाच्या काळात, बाराव्या शतकाच्या अखेरीस. पुढे यादव, बहमनी, आदिलशाही असे धनी बदलत गेले. सिद्दी जौहरचा वेढा, १६६० च्या जुलैतली ती पावसाळी रात्र, बाजीप्रभू हे सारं आपल्याला शाळेपासून पाठ आहे, म्हणून इथे गादीचाच धागा धरतो.

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि साताऱ्याची गादी त्यांच्याकडे गेली. राजाराम महाराजांच्या मागे सात वर्षं मोगलांशी झुंज चालवलेल्या ताराबाईंनी हार मानली नाही. १७१० मध्ये त्यांनी पन्हाळ्यावर आपल्या मुलाच्या, शिवाजीच्या, नावाने वेगळी गादी मांडली. चारच वर्षांत सवत राजसबाईंचा मुलगा संभाजी त्या गादीवर बसला आणि ताराबाई व त्यांचा मुलगा याच गडावर नजरकैदेत पडले. राज्य केलं तोच गड तुरुंग झाला. ताराबाईंचा म्हणून दाखवला जाणारा वाडा आजही उभा आहे. पुढे त्यात शाळा भरू लागली. भपका शोधाल तर तो तिथे फारसा सापडत नाही.

तो सापडतो अंबरखान्यात. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी तीन धान्यकोठारं. त्यांतल्या गंगा कोठीसमोर जरा उभे राहा. सुमारे ३५ फूट उंचीच्या भिंती, आत ओळीने सोळा खण आणि प्रत्येक खणावर कमानदार छत. छताला भोकं ठेवलेली आहेत. बाहेरच्या पायऱ्यांनी धान्य वर चढवायचं आणि या भोकांतून खाली ओतायचं. एकट्या गंगेत २५ हजार खंडी धान्य मावे, असं सांगतात. आत शिरलं की भर उन्हाळ्यातही गार वाटतं. माझ्या मते पन्हाळ्यावरची सगळ्यात राजेशाही इमारत हीच, आणि ती कुणी राहण्यासाठी बांधलेलीच नाही! पण यात नवल काय? वेढा महिनोन् महिने चाले. तोफांपुढे तटबंदी टिकली तरी कोठार रिकामं झालं की किल्लेदाराला दरवाजा उघडावाच लागे. गडावरच्या राजाचं वैभव दिवाणखान्यात नव्हे, कोठारात मोजायचं.

सज्जा कोठीची गोष्टही अशीच. पूर्वेकडच्या कड्यालगतची ही आदिलशाही धाटणीची इमारत. इथून खालचा मुलूख दूरवर दिसतो. बसायला सज्जा, म्हणजे हौसही आहे, पण खरा उपयोग टेहळणीचा. शिवाजी महाराजांचे पुत्र संभाजीराजे यांना इथेच नजरेखाली ठेवलं होतं, अशी परंपरा आहे.

गादी खाली उतरली तरी गडाची धास्ती संपली नव्हती. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावात बंडवाल्यांनी कर्नल ओव्हान्स या इंग्रज अधिकाऱ्याला पन्हाळ्यावर कैद करून ठेवलं. इंग्रजांनी गड घेतला आणि तटबंदीची बरीच मोडतोड केली. चार दरवाजा त्यातच गेला. त्यानंतर कोल्हापुरात नवा राजवाडा उभा राहिला तो १८८४ साली. त्याला ना खंदक, ना बुरूज, ना धान्याची कोठी. त्याला घड्याळाचा मनोरा मात्र आहे.

२०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यात पन्हाळा आहे. त्यामुळे गर्दी वाढणारच. जाल तेव्हा आधी अंबरखाना गाठा, मग सज्जा कोठी, आणि उन्हं उतरताना तीन दरवाजा व शेजारची अंधार बाव. झुणका-भाकर शेवटी खा, नाहीतर पाय निघत नाही. आणि एक विनंती : कोठीच्या भिंतींवर नावं कोरू नका. आधीच फार आहेत.

(पुढील आठवड्यात : नवा राजवाडा)